नमुन्याचं घर

मंगळवार, ता. १४

ती. ताईस,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. धाकटीचा दात पडला, हिचे गुडघे आहेत तसेच. तुझा खोकला थांबला का?

तुझ्या शेजारचे शिंपीकाका गेल्याचं ऑफिसात कळलं. नोटीस हातात घेऊन बसल्या जागीच गेले म्हणे. मागच्याच आठवड्यात ते माझ्या टेबलापाशी आले होते. म्हणाले, "साहेब, रस्त्यासाठी घर घेताय, घ्या. पण एवढ्या पैशात मला साधी खोली तरी मिळेल का कुठे?" मी म्हणालो, "काका, कायदाच तसा आहे. नोंदवहीत जी किंमत, तीच भरपाई." मान वर न करता म्हणालो.

पलीकडच्या गल्लीला दुप्पट आणि आम्हाला एवढं कमी का, असं तू दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा हवापाण्याचं लिहून मी वेळ मारून नेली.

भाऊजी गेले त्या वर्षी तुझी घरपट्टी कमी झाली होती. तू म्हणालीस, सरकारलाही दया येते. सरकारला नाही ताई, मला आली. तुझ्या घराच्या तपासणीत मी लिहिलं, 'भिंतींना तडे, छत गळके, राहण्यास अयोग्य.' लिहिताना तुझ्या धडधाकट भिंतीला टेकून चहा पीत होतो.

आमच्याकडे प्रत्येक घर कोणी बघत नाही. गल्लीतलं एक घर नमुना म्हणून तपासायचं आणि त्यावरून बाकीच्यांचा दर लावायचा. त्या वर्षी नमुन्याला तुझंच घर निघालं होतं. मला वाटलं, सगळ्यांचाच कर उतरेल, कुणाचं काय बिघडतंय? आठ वर्षं कुणी तक्रार केली नाही. कमी कराची तक्रार कोण करतं? आता त्याच आकड्यावर बावीस घरं जाणार आहेत, तुझ्यासकट.

नोंद खोटी होती हे सिद्ध झालं तरच फेरतपासणी होते, आणि ते सांगू शकणारा मी एकटाच. नोकरी जाईल, पेन्शनही जाईल. हिला अजून सांगितलेलं नाही. साहेबांच्या दारापर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा रजेचा अर्ज देऊन परत आलो. माझा काही भरवसा नाही. काका समोर बसले होते तेव्हा तोंड उघडलं असतं तर, हा विचार पाठ सोडत नाही.

सोमवारी सुनावणी आहे. हे पत्र घेऊन जा आणि सगळ्यांसमोर वाचायला लाव. तुला माझी दया येईल, मला माहीत आहे. येऊ देऊ नकोस. दयेनंच हे झालंय.

तिथे ओळखतात ती ऑफिसातली सही खाली केली आहे.

तुझा भाऊ,
मूल्यांकन निरीक्षक, विभाग तीन