अर्ध्या गिनी कमलकाकूच्या

प्रिय आत्या,

काल दुपारी उकिरडा उपसताना फावड्याला प्लास्टिकची एक पुडी लागली, आणि त्या घडीपासून माझं सगळं उलटं झालं. तुला जाऊन दीड महिना झाला. गेलेल्या माणसाला पत्र लिहितात का, माहीत नाही. पण हे आधी तुलाच सांगायचं आहे.

पुडी नॉन बीटी कपाशीच्या बियांची होती. बीटी सरकीच्या पाकिटासोबत येते ती छोटी, शेताच्या कडेने लावायची. कडेने कोण लावतं, आत्या? सारं वडनेर ती फेकून देतं. मीही मागच्या पेरणीला ती खिशात घालून घरी आणली आणि परसबागेच्या कोपऱ्यात भिरकावली. शेजारची सुवर्णा नांदुऱ्याच्या एसटीने यायची होती, मला स्टँड गाठायचा होता. दुसरं काही डोक्यात नव्हतंच.

काल ती नीट पाहिली. कोपरा चोचींनी फोडलेला. आत तीन बिया उरलेल्या, औषध लावलेल्या, लाल.

तुझ्या गिनी कोंबड्या तेवढ्यानेच मेल्या. अकराच्या अकरा, कारल्याच्या मांडवाखाली.

किती हौसेनं मोकळ्या सोडायचीस त्यांना! गावरान कोंबडी वाफा उकरून ठेवते, या मात्र वांग्या-भेंडीतून नुसत्या किडे टिपत फिरायच्या. परकं कुणी दिसलं की सगळ्या मिळून कालवा. मी कुंपणाशी जाऊन सुवर्णाशी दोन शब्द बोललो, तरी तोच कालवा. मग तू चुलीपुढून विचारायचीस, "साप हाय का संज्या हाय?" आणि कुंपणापलीकडून तिची आई, आपली कमलकाकू, म्हणायची, "साप परवडला बाई." तुम्ही दोघी हसायच्या. मला वाटायचं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे आणि तुम्ही मुद्दाम त्या पाखरांना माझ्यावर पहारा ठेवायला लावलंय.

पाखरं मेली तेव्हा माझा संशय सरळ काकूवर गेला. दोनच दिवस आधी ती ओरडली होती ना, "यशोदे, तुह्या पलटणीनं माही मेथी साफ केली. एक दिवस दवाईच घालीन." हे ती दर महिन्याला म्हणायची आणि वर तुला ताक पाठवायची. पण मी तेवढंच वाक्य धरलं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचं कुंपण लाथेनं पाडून तिच्या अंगणात शिरलो.

"काऊन मारलं पाखरायले? तुले मेथी जड झाली का?"

"शुद्धीवर हाय का बे तू? माही पाखरं मी मारू?"

माही पाखरं. तेव्हा ते माझ्या कानात शिरलंच नाही. काल पुडी हातात घेऊन बसलो आणि आठवलं. अंडी तुझी होती, पण खुडूक बसलेली कोंबडी तिची होती. म्हणजे आपल्याकडच्या रीतीनं पिल्लं बटाईची, अर्धी तिची. वाटणी करायची वेळ आली तेव्हा तीच म्हणाली होती, "कळपातून काढली तं झुरतीन. राहू दे तिकडंच." मी तिच्यावर तिचीच पाखरं मारल्याचा आळ घेतला, आत्या. आणि सुवर्णा दारात उभी राहून ऐकत होती.

आठवड्यात काकूनं तिला देऊळगाव राजाला मामाकडे धाडलं. ज्या एसटीनं आम्ही दोघं कॉलेजला जायचो, तीत मला एकट्याला बसवेना. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, आणि त्याचाही दोष काकूच्याच माथी मारला.

आता तुझ्याबद्दल. राग मानू नकोस, पण मला तुझाही संशय येतो.

पाखरं पुरली त्या संध्याकाळी तू माझा तळवा पाहिला होतास. "लाल काय लागलं रे हाताले?" मी म्हणालो, पेरणीचं. तू माझा हात सोडलास आणि चूल पेटवायला गेलीस. काल ती पुडी राखेत सापडली, वीतभर राखेखाली. आपल्या घरची राख उकिरड्यावर कधी गेली? तू तर चिमूटभरसुद्धा वांग्यांवर टाकायला जपून ठेवायचीस.

मग ती कोपऱ्यातून उचलून तिथं कुणी झाकली?

तुला कळलं होतं का? कळलं होतं तर मला दोन थोबाडीत का नाही दिल्यास? काकूशी बोलणं का टाकलंस? मला वाचवायला? असं वाचवतात का कुणाला? आणि कळलं नसेल, तर माझ्या एका शब्दावर तू तीस वर्षांची मैत्रीण सोडलीस. यातलं कोणतं खरं निघालं म्हणजे मला बरं वाटेल, तेही समजत नाही.

तुला नेलं त्या दिवशी काकू हार घेऊन आली होती. मी फाटकातच आडवा झालो. "ज्या हातानं पाखरं मारली, त्या हातानं हार घालू नको." चार माणसांदेखत बोललो. तिनं हार फाटकाच्या खिळ्याला अडकवला आणि गेली. तोही मी तुझ्यापर्यंत पोचू दिला नाही.

पुडी टेबलावर आहे. काकूच्या ओट्यावर आता बाया सरकी निवडत बसल्या असतील, हसण्याचा आवाज येतोय. बाया उठून जाईस्तोवर थांबावं असं वाटलं, पण आळ चारचौघांत घेतला होता. वचन देतो, त्या बायांसमोरच सांगेन. तुझं नाव घेणार नाही. राखेचं बोलणार नाही. सुवर्णा कशी आहे हेही विचारणार नाही. काकूनं हाकललं तर उद्या पुन्हा जाईन.

पुडी खिशात घातली. चपला सापडल्या. मी निघतो, आत्या, आणि मागे दार ओढून घेतो.

तुझा,
संज्या