उजवीकडची खुर्ची

४ जुलै

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमच्या भावाच्या मेंदूतली गाठ रेडिएशनने गेली, तेव्हा आपण सुटकेचा निःश्वास टाकला होता. आता वर्षभराने त्याच रेडिएशनने डोळ्याची नस दुखावली. उजवा डोळा गेला. डाव्याचा भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

तरी स्वारी दुकानांच्या पाट्या रंगवायला जाते. अंतराचा अंदाज चुकतो, ब्रश पाटीला टेकायच्या आधीच हवेत अक्षर काढून मोकळे होतात. मी हसले, तेही हसले. मग म्हणाले, दिसतंय तोवर ताईला एकदा डोळे भरून बघायचंय. खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. वीस वर्षं समोर वावरतेय, तुला बघायचंय असं कधी म्हणाले नाहीत.

तुमच्या लोभातला वाटा मागणारी,
वहिनी

११ जुलै

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

पोट तुझं एकटीचं दुखत नाही. आईमागे त्याला मी वाढवला, आणि तू आल्यापासून त्याची खुशालीसुद्धा तुझ्याच अक्षरात येते. त्याचं सगळं बघणं तुझ्या पदरात पडलं. आता पंधरा दिवस त्याला माझ्याकडे धाड. मोठी नणंद सांगतेय, विनवत नाही.

ताई

१८ जुलै

ती. वन्संना सा. न.

धाडणार नाही. दुष्ट म्हणा, चालेल. उरलेल्या दिसण्यातले पंधरा दिवस मी कुणालाच देणार नाही. तुम्हीच या. मात्र त्यांच्या डावीकडे मी बसते, तिकडूनच त्यांना दिसतं. ती जागा माझी. तुमची खुर्ची उजवीकडे मांडते. मान किती वळवायची ते त्यांचं ते ठरवतील.

रागावलात तरी या.

वहिनी

२३ जुलै

चि. सौ. वहिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. शनिवारी येते. उजवीकडे बसेन. त्याने मान वळवली तर तू जळशील, नाही वळवली तर मी जळेन. होऊन जाऊ दे.

पण मी तिथे असेपर्यंत अधूनमधून माझ्या खुर्चीत येऊन बस आणि त्याच्याशी बोलत राहा. डावा डोळाही गेला तर तुला दोन्हीकडून तेच करायचंय. त्याला न दिसता त्याचं माणूस कसं राहायचं, हे मी वीस वर्षं करतेय. तेवढं एक तुझ्याआधी मला येतं.

लोभ असू दे, वाटून घ्यावा लागला तरी.

ताई