पूल दिसतो तिथं थांबवलंय

बाबा,

सकाळची पाळी आहे, म्हणून तुम्हाला न उठवता निघाले. चहा थर्मासमध्ये आहे, रक्तदाबाची गोळी त्याच्याच शेजारी. विसरू नका.

काल दुपारी त्या लढाईच्या सिनेमात तुम्ही चुका काढत होतात आणि मी मैत्रिणींसमोर "बाबा, जरा गप्प बसा ना!" म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही. तुम्ही उठून खोलीत गेलात.

पुढचा सिनेमा पाहिला. तुमचंच खरं. नदीतून चालत येऊनही हिरोचे बूट कोरडे ठणठणीत, आणि बंदुकीतल्या गोळ्या काही संपत नाहीत. खलनायक मरता मरता भाषण ठोकतो. मारामारी मात्र झकास होती, ते कबूल करा.

आणि एक प्रसंग फार चांगला होता. पूल उडणार म्हणून सगळे पळतात, पण ट्रकचा ड्रायव्हर मागे राहिलेल्यांसाठी इंजिन चालू ठेवून थांबतो. त्याला सिनेमात नावसुद्धा नाही.

तुम्ही बावीस वर्षं लष्कराचा ट्रक चालवलात आणि घरात त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत. काल पडद्यावर तो पूल दिसला, तेव्हा पहिल्यांदाच "आमच्या वेळी असाच एक पूल..." एवढं म्हणालात. नेमकं तेव्हाच मी तुम्हाला गप्प केलं.

सिनेमा मागे नेऊन त्या पुलापाशी थांबवून ठेवलाय. पाचपर्यंत येते. आपण दोघंच बघू, टीव्हीचा आवाज बंद करून.

धाकटी