क्लचची आवळलेली तार

आबा, तुमची बग्गी परवा माळाच्या चढाला मागं सरकली. शेजारी आई बसली होती. इंजिन नुसतं बोंबलत होतं, गाडी जागची हलत नव्हती आणि मग हळूहळू घसरायला लागली. मी ब्रेकवर पाय रोवून हँडब्रेक ओढला, उतरून चाकामागं दगड लावला, आईला उतरवलं. ती पदर सारखा करत म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता, लय झालं." पण तिच्या गुडघ्यांना तो चढ झेपत नाही आणि वरची डाळिंबं बघितल्याशिवाय तिला करमत नाही. म्हणून सांगलीला, विश्रामबागेतल्या ऑफिसात रजा कळवली आणि इथं म्हसवडलाच राहिले.

तुम्ही फौजेतून येऊन ही गाडी जुळवलीत तेव्हा मी कॉलेजात होते. भंगारातल्या गाडीचं इंजिन, पाइपांचा सांगाडा, ना टप ना दार. गाव विचारायचं, "फौजी, पत्रा लावायचा ऱ्हायला न्हवं?" आणि तुम्ही तोंड गंभीर करून सांगायचात, "वारं लागतंय, इंजिन गार ऱ्हातंय." मला शिकवताना मात्र थट्टा नव्हती. क्लचवर पाय विसावला की गुडघ्यावर चापट. "पायरी हाय का ती? काढ पाय." गाडी चालू करण्याआधी तुम्ही रोज वाकून हातानं पायडल दाबायचात. आधी थोडं मोकळं गेलं पाहिजे, मग जड लागलं पाहिजे. ती मोकळीक नसली की क्लच कायम जरासा दाबलेलाच राहतो, प्लेट घसरते आणि जळते. हे इतक्यांदा ऐकलंय की दुसऱ्याच्या गाडीत बसले तरी माझा डावा पाय आपोआप बाजूला होतो.

म्हणून आधी बाहेरूनच बघितलं. अंगणात हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन गचका खाऊन बंद पडायला हवं होतं. ते आपलं गुरगुरत राहिलं आणि जळका वास आला. क्लच घसरतोय, यात शंका उरली नाही. मग वाकून हातानं पायडल दाबलं. मोकळीक अजिबात नव्हती. तार आवळायचा नट आट्यांच्या पार टोकाला नेलेला. तुमच्यानंतर इतकी वर्षं गाडी ताडपत्रीखालीच होती, गेल्या महिन्यात मी बॅटरी आणि टायर बदलून बाहेर काढली, त्या तारेला मी हात लावला नव्हता. म्हणजे ती तुम्हीच आवळलीत. असली चूक तुमच्या हातून होणं शक्य नव्हतं, म्हणून मी तिथंच मातीत बसून विचार करत राहिले. तार आवळली की पायडल थोडं दाबलं तरी गिअर पडतो, पाय तळापर्यंत न्यावा लागत नाही. तुमचा डावा पाय तळापर्यंत जात नव्हता, आबा.

अर्धांगाचा झटका त्याच अंगाला आला होता. आई आल्यागेल्याला सांगते, चालतेबोलते गेले, आदल्या दिवसापर्यंत काही नव्हतं. मीही तेच धरून होते. अचानक आलेल्याला कोण काय करणार? पण नट एका दिवसात टोकाला जात नाही. पायातली ताकद उतरत गेली तसे तुम्ही पाना घेऊन थोडं थोडं आवळत गेलात, आणि फोनवर मला म्हणायचात, "मला काय धाड भरलीय?" सांगलीत इतके दवाखाने आहेत. एकदा म्हणाला असतात तर मी गाडी घेऊन आले असते. मला तुमचा इतका राग आला की पाना हातातून फेकून दिला, आणि मग तोच शोधत बसले.

चुलत्यांनी साखळी धरली, आम्ही कडुलिंबाच्या फांदीला टांगून गिअरबॉक्स उतरवला. प्लेट जळून काळी पडलेली, रिव्हेटांपर्यंत झिजलेली. नवी बसवली, तारेला मोकळीक ठेवली. गाडी चढावर विनातक्रार गेली.

दुपारी जेवताना आईनं विचारलं, "कशानं झालतं गं?" तुम्ही दुखणं न काढता गेलात, तिच्याजवळ तेवढंच एक समाधान आहे, ते कशाला काढून घ्यायचं? म्हटलं, "काही नाही, प्लेट जुनी झाली होती." तिनं मला भाकरी वाढली. थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता म्हणाली, "हे बी आसंच म्हनायचे. पाय का वडताय म्हनलं, तर म्हनायचे, जुना झालाय."

तिनं कधीपासून बघितलं होतं, मला का सांगितलं नाही, हे मी विचारलं नाही. हा कागद तिच्या हाती लागायच्या आत चुलीत जाईल, म्हणून तुम्हाला सांगते. मला ते विचारायचंही नाही. विचारलं तर तुमच्यावरचा सगळा राग तिच्यावर निघेल, आणि मला आता तीच उरली आहे.