नकाराच्या पानावरचं कुंकू

प्लेनो, ३ ऑक्टोबर २००६

चि. शरयूस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले असते, पण सावनीच्या कानावर जाईल, म्हणून हे पत्र. अगं, माझ्या हातून फार मोठा घोळ झालाय.

तुझ्या भाचीचा थिसिस तुला ठाऊकच आहे: अमेरिकेतल्या यादवी युद्धात टेक्सास काय करत होतं. इथून जवळच्या मॅकिनी गावच्या मार्था आजींनी त्यांच्या पणजोबांची डायरी तिला महिनाभरासाठी दिलीय, आजवर घराबाहेर न गेलेली. पोरगी पांढरे ग्लोव्हज घालून पान उलटते. आणि मी? काल दसरा. कागदावर सरस्वती काढली, पुस्तकं मांडली. म्हटलं, लेकीची सगळ्यात मोलाची वही पूजेत नको का? तिनं खूण घातलेलं पान उघडलं आणि ओल्या बोटानं हळदकुंकू लावलं! कुंकू कागदात मुरलं. पुसायला गेले तर आणखी पसरलं. मुकाट्यानं वही मिटून जागेवर ठेवली.

सावनी कॉलेजला होती, तिला अजून पत्ता नाही. आजींनी रागावून वही परत मागितली, पुढची कागदपत्रं दिली नाहीत, तर पोरीची दोन वर्षं पाण्यात. घास उतरत नाही गं. सांगू की गप्प बसू?

वाट बघणारी,
तुझी शोभाताई

जर्सी सिटी, ७ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

धन्य आहेस! लहानपणी अण्णांच्या कोर्टाच्या कागदांना कुंकू लावून धपाटे खाल्लेस, तरी तुझं बोट काही सुधारलं नाही.

हे पत्र हातात पडेल तेव्हा लगेच सांगून टाक. लिंबू, खोडरबर काही लावू नकोस, मी ओळखते तुला. डाग आज ना उद्या दिसणारच, आणि तेव्हा आजींपुढे सावनीच खोटी पडेल. त्यांच्याकडेही तू स्वतः जा, लेकीला पुढे करू नकोस.

मी देवापुढे दोन उदबत्त्या जास्त लावतेय. काल स्मोक अलार्म वाजला, तुझा भाचा अमित वैतागलाय. काय झालं ते लगेच कळव.

तुझी शरयू

प्लेनो, १५ ऑक्टोबर

चि. शरयूस अनेक आशीर्वाद.

सुटले गं बाई!

सांगितलं तेव्हा सावनी नुसती इंग्रजीत बोलत सुटली. म्हणजे किती चिडली ते समज. काल मला गाडीत घालून आजींकडे नेलं. बेसनाच्या लाडवांचा डबा पुढे ठेवून मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं कबूल केलं.

आजी डागाकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी विचारलं, की ह्याच पानाला खूण का होती. सावनीनं सांगितलं. टेक्सासनं देशातून फुटावं का, यावर १८६१ साली मतदान झालं. ह्या काउंटीत बहुतेकांनी नको म्हटलं. आपणही नकोच म्हणून आलो, असं पणजोबांनी त्या पानावर लिहिलंय. तरी टेक्सास फुटलंच, आणि वर्षभरात हेच गृहस्थ गुलामी टिकवणाऱ्यांच्या बाजूनं बंदूक घेऊन निघाले. का, तर शेजारी निघाले होते!

आजी म्हणाल्या, की घरात सगळ्यांना ती बंदूक ठाऊक आहे, हे पान मात्र कुणी पोराबाळांना दाखवलं नाही. आता लाल खुणेमुळे विचारतील तरी. रागावल्या नाहीत गं! मला रडूच आलं.

मग त्यांनी भिंतीवरची तीच बंदूक उतरवून आणली आणि विचारलं, की हिलाही लावणार का. खंडेनवमीला आपण शस्त्रं पुजतोच, कुंकवाची डबीही पर्समध्ये होती. पण माझा हात पुढे होईना. म्हटलं, वहीला लावलं तेवढं पुरे. आजींनी ती पुन्हा भिंतीवर न लावता कपाटात ठेवली, आणि उरलेल्या कागदपत्रांची पेटी सावनीच्या मांडीवर ठेवली.

पुढच्या दसऱ्याला पूजेला झेरॉक्सच मिळेल, असं लेकीनं येताना हसत बजावलंय. उदबत्त्या आता कमी कर, अमितचा जीव जाईल. आणि एक सांगायचं राहिलं. घरी आल्यावर ती पेटी जागेवर ठेवायला सावनीनं माझ्याच हातात दिली. आधी मला ग्लोव्हज घातले, पण दिली.

तुझ्या सल्ल्यानं तरलेली,
शोभाताई