उतारासाठी घेतलेली सायकल

आई, मी सायकल घेतली. तुझ्यासारखी काळी, मागे कॅरिअर आणि चेनवर पत्र्याचं कव्हर असलेली नाही. डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालवायची, जाड टायरांची. एमटीबी म्हणतात तिला. एकोणपन्नासाव्या वर्षी हे काय सुचलं, असं तू विचारलं नसतंस. तू आधी माझा चेहरा बघितला असतास आणि मग विचारलं असतंस, "काय निघालं तपासणीत?"

साखर निघाली. मी सातपूरच्या कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग तपासते, दिवसभर खुर्चीत. कंपनीच्या वार्षिक तपासणीत आकडा आला आणि मला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे जावं लागलं. त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होता का डायबेटिस?" म्हटलं, "आईला." "काय झालं त्यांना?" मी म्हटलं, "वय झालं होतं." एक्कावन्न वर्षांच्या बाईला मी वय झालेली करून टाकलं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी माझेही पाय तपासले असते, आणि ते मला तिथे, दुसऱ्या कुणाच्या हातून नको होतं. घरी मात्र मी रोज तपासते. आंघोळ झाली की स्टुलावर बसते, तळव्याखाली आरसा धरते, आणि आगपेटीच्या काडीने एकेक बोट टोचून बघते. लागलं की हायसं वाटतं. लागायला जरा उशीर झाला असं वाटलं की पुन्हा टोचते. एकदा ह्यांनी दारातून विचारलं, "एवढा वेळ काय चाललंय?" मी म्हटलं, "पायाला तेल लावतेय."

तुला तो दिवस आठवत असेल की नाही, कुणास ठाऊक. दिंडोरीचं आपलं स्वयंपाकघर. मी बावीस वर्षांची, सुट्टीला आलेली. तू चहा गाळते आहेस आणि मला सांगते आहेस की कुठल्या वस्तीवरच्या बाईला जुळं झालं. हातातली पकड सटकते, पातेलं कलतं आणि उकळता चहा तुझ्या उजव्या पायावर सांडतो. तू बोलत राहतेस. पातेलं सरळ करतेस, उरलेला चहा दुसऱ्या कपात गाळतेस. मी ओरडते, "आई, पाय!" तू खाली बघतेस, ते दुसऱ्याच कुणाचा तरी पाय तिथे ठेवलेला असावा तसं. "अगं, एवढा गरम नव्हता," म्हणतेस. मी फरशीवर हात ठेवते आणि चटका बसून मागे घेते. सगळ्या तालुक्याला सुया टोचत हिंडणारी नर्सबाई तू. आपल्या पायात काय चाललंय हे तुला कळलं नसेल, असं मी कधीच मानलं नाही. तू घाबरली होतीस. त्या जखमेवर तू स्वतःच पट्ट्या बांधत राहिलीस, चपलेत कापूस घालून ड्युटीला जात राहिलीस. आम्हाला दाखवलंस तेव्हा अंगठा काळा पडला होता. पुढचं वर्ष मला लिहायचं नाही.

तर, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चाला. पण गुडघे दुखतात. मग म्हणाल्या, सायकल चालवा, गुडघ्यांवर भार येत नाही. त्र्यंबक रोडला दोन दिवस मी ऑफिसातल्या एकीची जुनी सायकल चालवून बघितली. पातळ टायर, आणि मागून येणारे ट्रक. प्रत्येक हॉर्नला खांदे वर जात होते. तिसऱ्या दिवशी वाटलं, निदान जिथे फक्त आपली आपल्याला भीती वाटेल अशा ठिकाणी जावं. म्हणून कच्च्या वाटा.

कॉलेज रोडच्या मागच्या बाजूला एक दुकान आहे. दुकानदार पन्नाशीचे, हाताला कायम ग्रीस. मी कागदावर सगळं लिहून नेलं होतं, ड्रॉइंग तपासणाऱ्या बाईला तेवढंच येतं. दारातच दोन्हीकडे स्प्रिंग असलेली एक लालभडक सायकल होती. मी तिच्यावर हात ठेवला.

"ती नको, ताई," ते म्हणाले. "ह्या भावात पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन म्हणजे नुसतं वजन. चढावर जीव काढेल तुमचा. फक्त पुढे असलेली घ्या. कुठे चालवणार?"

"धरणाच्या पलीकडच्या वाटांवर. व्यायामासाठी."

"किती दिवसांनी बसताय?"

"तीस वर्षं झाली असतील."

ते हसले नाहीत. त्यांनी मला तीन सायकलींवर दोन्हीकडे पाय टाकून नुसतं उभं केलं. पहिलीची दांडी टेकत होती. दुसरीची चाकं मोठी, दगडांवरून सहज जाणारी, पण वळवताना मला ती आवरेना. तिसरी लहान मापाची. दांडी आणि माझ्यात चार बोटं जागा, हात हँडलवर ठेवले तर कोपर जरासे वाकलेले. "ही तुमची," ते म्हणाले. "गिअर कमी आहेत, पण सगळ्यात हलका गिअर एवढा हलका आहे की भिंतही चढाल." मी विचारलं, "आणि उतरताना?" त्यांनी माझी दोन बोटं ब्रेकवर ठेवली. "दाबा." मी सायकल जरा पुढे ढकलून जेमतेम दाबलं आणि ती जागच्या जागी थांबली. तेलावर चालणारे ब्रेक आहेत म्हणे, फार जोर लावायला लागत नाही. ते टायरबद्दल, हवेबद्दल बोलत राहिले आणि मला मात्र दिंडोरीच्या कॅनॉलच्या पुढचा तो उतार दिसायला लागला.

मी दहा वर्षांची. शाळेला सुट्टी, घरात कुणी नाही, म्हणून तू मला कॅरिअरवर बसवून लस द्यायला वस्तीवर निघाली आहेस. हँडलला बर्फाचा डबा. दोन्हीकडे द्राक्षबागा, औषध फवारल्याचा उग्र वास. उतार लागतो, सायकल धावायला लागते आणि तू पायडल मारायचं थांबवतेस. चेन करकर वाजते. तुझ्या पाठीमुळे मला पुढचं काहीच दिसत नाही. दिसत नाही म्हणून भीती आणखी वाढते. मी ओरडत नाही. मी उजवा पाय चाकात घालते. बुटासकट.

त्यानंतरचं तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. उघडा पडलेला डबा, मातीत बर्फ, धावत आलेला एक म्हातारा, "नर्सबाई, लय लागलं का हो?" तुझा डावा हात मनगटापाशी विचित्र वळलेला. आणि तू त्या म्हाताऱ्याला सांगतेस, "ब्रेक तुटला बघा." दवाखान्यातही तेच, बाबांनाही तेच. माझा घोटा सुजला होता, बूट फाटला होता, ते तू बघितलं होतंस. प्लास्टर निघेपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. निघालं त्या दिवशी सायकल पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "भीती वाटली तर तोंडाने सांगायचं. न सांगता पाय घालायचा नाही." एवढंच. तेवढा एकच बोल तू मला लावलास, आणि मग मला सायकल शिकवलीस. शाळेत जायला मी चालवली, पण उतार आला की उतरायचे. मैत्रिणींना सांगायचे, चेन पडते.

गेल्या रविवारी सकाळी दुकानदार आम्हा नव्या लोकांना धरणामागच्या मुरमाड वाटेवर घेऊन गेले. चढ मला जमला. धाप लागली, घाम डोळ्यांत गेला, पण पाय दुखत होते, दोन्ही, पार बोटांपर्यंत, आणि ते दुखणं मला इतकं आवडलं की मला रडू येईल असं वाटलं. मग टेकडीचा माथा आला आणि पलीकडे वाट सरळ खाली गेलेली. मध्ये पाण्याने कोरलेली घळ, सुटे दगड, पुढे वळण. बाकीचे निघून गेले. मी उभी. ब्रेक इतके आवळलेले की बोटं पांढरी झाली. दुकानदार सांगत होते, "सीट खाली केलीय, वजन मागे टाका, नजर लांब." मला ऐकू येत होतं, समजत नव्हतं.

मी म्हटलं, "मला भीती वाटते."

आई, मोठ्याने म्हटलं. ह्या वयात, परक्या माणसाला.

ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. इथून त्या करवंदीपर्यंत चालत या. तिथून पुढे दगड नाहीत, तिथे बसा. मी खाली थांबतो."

मी करवंदीच्या जाळीपर्यंत सायकल धरून चालत गेले. तिथे बसले. पायडल मारलं नाही, सायकल आपली आपण निघाली. तोंडातून कसलासा आवाज निघाला, वळण आलं, मागचं चाक मुरमावर थोडं सरकलं, आणि मी पडले नाही. सगळा मिळून मिनिटभराचा उतार. खाली पोचल्यावर बाटलीचं झाकण मला उघडेना. भीती गेली असं म्हणणार नाही. पुढच्या रविवारची आत्तापासूनच वाटतेय.

हे सगळं ह्यांना सांगता आलं असतं. ते चिडले नसते. पण पायांचं सांगितलं की चहाचं सांगावं लागेल, आणि ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुला लिहिणं सोपं, कारण हे कागद कपाटातून बाहेर जाणार नाहीत, आणि तू मला काही विचारणार नाहीस.

विचारलं असतंस तर एक गोष्ट लपवता आली नसती. डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं होतं. आता पाचवा चालू आहे. लॅब आमच्या गल्लीच्या तोंडालाच आहे, सकाळी सातला उघडते. सायकल घेऊन मी रोज तिच्यासमोरून जाते, आणि तेवढ्या अंतरात जोरात पायडल मारते.