तळ्याकाठची गंगापूजा

हॉलंड, रविवार

ती. आईस,
तुझ्या रचनाचा लांबूनच वाकून नमस्कार.

बाळ गेल्यापासून फोन लावला की आपण दोघी नुसत्या रडतोय, म्हणून लिहायला बसले. मी बरी हाय. दोन्ही वेळा जेवते. टाके वाळले. आप्पांचा खोकला कसा हाय? त्यांना गार वाऱ्यात उद्यमबागेला कामावर गाडीवरनं जाऊ देऊ नको.

आज तुझ्या जावयांनी मला तळी दाखवायला नेलं हुतं. राखीव रान हाय, आपल्या गडाखालच्या माळासारखं, पण सगळं जांभळ्या फुलांनी भरलेलं. तळ्यांचं पाणी कोऱ्या चहासारखं, लई गार.

बाळंतविड्यात तू गंगापूजेला पाठवलेला खण मी गुपचूप पिशवीत घेतला हुता. बाळच न्हाय तर पाणी कशाला पुजायचं, म्हणशील. पण आई, मी बाळंतीण हायच की गं. दूध अजून येतंय.

काठावर पाच खडे मांडले, हळदीकुंकू वाहिलं. पाण्यात काही सोडायचं न्हाय अशी पाटी हुती, म्हणून खण परत आणला. हे पाठ फिरवून उभे हुते. त्यांचे खांदे हलत हुते.

पाणी पुजून रिकामं येऊ नये, असं तू सांगायचीस. म्हणून बाटली भरून घेतली. गाडीपाशी आल्यावर हे हळूच म्हणाले, "रचना, दे इकडं." तवा बघितलं. बाटली मी कडेवर घेतली हुती, आणि ऊन लागू नये म्हणून तिच्यावर ओढणी धरली हुती.

तू शिवलेली झबली एवढ्यात कुणाला देऊ नको.

तुझीच,
रचना